बायबलमधील सृष्टिकथा : वाच्यार्थ की लक्ष्यार्थ?

बायबलचे पहिले पुस्तक मराठीत ‘उत्पत्ती’ या नावाने ओळखले जाते. देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली, सातव्या दिवशी विश्राम घेतला, मातीपासून पहिला पुरुष व त्याच्या बरगडीपासून पहिली स्त्री घडविली, ही कथा या पुस्तकाच्या पहिल्या दोन अध्यायांत येते. ज्यू आणि ख्रिस्ती या दोन्ही धर्मांना ती पवित्र आहे. ती जशी लिहिली आहे तशी, म्हणजे वाच्यार्थाने, स्वीकारावी की तिच्यातून सूचित होणारा लक्ष्यार्थ शोधावा, हा वाद मात्र अद्याप मिटलेला नाही. अमेरिकेत तर गेल्या शंभर वर्षांत तो अनेकदा न्यायालयात गेला. शाळेत विज्ञानाच्या तासाला मुलांना काय शिकवावे, हा प्रश्न त्यात गुंतला आहे. आणि श्रद्धाळू घरात वाढलेल्या तरुणाला विज्ञान शिकताना धर्म सोडावाच लागतो काय, हा त्याहूनही अवघड प्रश्न त्यात आहे.

या वादाविषयी एक समज सर्वत्र रूढ आहे. पूर्वी सर्वच लोक ही कथा अक्षरशः खरी मानीत; पुढे डार्विन आला आणि अडचणीत सापडलेल्या धर्मपंडितांनी ‘हे तर रूपक आहे’ अशी पळवाट काढली, असा तो समज होय. इतिहास तपासला तर हे चित्र टिकत नाही. कथेचा अर्थ कसा लावावा, हा प्रश्न विज्ञानाने बाहेरून आणलेला नाही. तो मूळ संहितेतूनच उभा राहतो आणि तिच्या भक्तांनी तो फार पूर्वीच विचारला होता.

एका पुस्तकात दोन कथा

‘उत्पत्ती’मध्ये सृष्टीची कथा एकदा नव्हे, दोनदा सांगितली आहे. पहिल्या कथेत पहिल्या दिवशी प्रकाश, दुसऱ्या दिवशी वरचे पाणी व खालचे पाणी वेगळे करणारे अंतराळ, तिसऱ्या दिवशी कोरडी जमीन व वनस्पती, चौथ्या दिवशी सूर्य, चंद्र व तारे, पाचव्या दिवशी जलचर व पक्षी आणि सहाव्या दिवशी भूचर प्राणी व मानव, असा क्रम येतो. मानव येथे स्त्री-पुरुष असा एकाच वेळी निर्माण होतो.

दुसऱ्या अध्यायातील चौथ्या वचनापासून कथा पुन्हा सुरू होते आणि क्रम बदलतो. शेतातली झाडेझुडपे उगवण्यापूर्वीच देव मातीपासून मनुष्य घडवितो, एदेन येथे बाग लावतो, मग पशुपक्षी आणि शेवटी स्त्री निर्माण करतो. देवाचे नावही बदलते. पहिल्या कथेत ‘एलोहीम’ हा शब्द आहे, तर दुसरीत त्याला ‘यहोवा’ या नावाची जोड मिळते. जाँ आस्त्रुक या फ्रेंच वैद्याने १७५३ साली नाव न घालता छापलेल्या पुस्तकात नावांच्या या फरकाकडे लक्ष वेधले आणि मोशेपाशी एकाहून अधिक जुनी साधने असावीत, असा तर्क मांडला. पुढील संशोधनाचा पाया त्यातून घातला गेला. पहिली कथा यहुदी पुरोहितवर्गाने इ. स. पूर्व सहाव्या शतकाच्या सुमारास, म्हणजे यरुशलेमचा पाडाव होऊन ज्यू लोक बाबिलोनच्या बंदिवासात गेले त्या काळात वा त्यानंतर, सिद्ध केली, असे अनेक अभ्यासक आज मानतात.

सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला असेल, तर आधीच्या तीन दिवसांची सकाळ आणि संध्याकाळ कशी झाली? हा प्रश्न कोणत्याही सावध वाचकाला पडेल. पहिल्या कथेची रचनाही लक्षात घेण्याजोगी आहे. पहिल्या तीन दिवसांत प्रकाश, आकाश-समुद्र आणि जमीन अशी तीन क्षेत्रे तयार होतात. पुढच्या तीन दिवसांत त्याच क्रमाने त्यांतील रहिवासी येतात : ज्योती, मग पक्षी व मासे, मग पशू व मानव. ही मांडणी घटनांच्या रोजनिशीपेक्षा एखाद्या बांधेसूद स्तोत्रासारखी आहे. ‘आदाम’ हे केवळ विशेषनाम नाही. हिब्रूत त्याचा अर्थ ‘मानव’ असा होतो आणि ‘आदामा’ म्हणजे माती. मातीचा माणूस, हा अर्थ मूळ श्रोत्यांना ऐकताक्षणीच कळत असे.

निनवेच्या इष्टिका

एकोणिसाव्या शतकात या चर्चेला नवे साधन मिळाले. आजच्या इराकमधील निनवे येथे अशुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयाचे अवशेष सापडले. तेथील मातीच्या इष्टिकांवरील लेख वाचून ब्रिटिश म्युझियममधील जॉर्ज स्मिथ याने १८७६ साली बाबिलोनी सृष्टिकथा प्रसिद्ध केली. ‘एनूमा एलिश’ या नावाने ती ओळखली जाते. तीत मार्दुक हा देव तियामत या आदिसागररूपी देवतेला ठार मारतो आणि तिच्या देहाचे दोन भाग करून आकाश व पृथ्वी रचतो. बंडखोर देवाच्या रक्तातून मनुष्य घडविला जातो, तो देवांचे कष्ट उपसण्यासाठी.

ही पार्श्वभूमी कळली की ‘उत्पत्ती’ काय सांगते आणि काय नाकारते, हे स्पष्ट होते. येथे देवांचे युद्ध नाही. सूर्य-चंद्रांना तर त्यांच्या नावांनीही संबोधलेले नाही. ते केवळ एक मोठी आणि एक लहान ज्योत आहेत. शेजारच्या राष्ट्रांत सूर्याची देव म्हणून पूजा होत असता हे मौन सहेतुक असावे, असे अनेक भाष्यकारांना वाटते. आणि मानव हा देवांचा वेठबिगार नसून देवाची प्रतिमा आहे. इतरत्र देवाची प्रतिमा म्हणवून घेण्याचा मान प्रायः राजाला मिळे. येथे तो प्रत्येक स्त्री-पुरुषाला दिला आहे. बंदिवासात पडलेल्या पराभूत लोकांच्या दृष्टीने हे विधान क्रांतिकारक होते. पृथ्वीचे वय किती, हा त्यांच्यापुढचा प्रश्न नव्हता.

प्राचीन भाष्यकारांची मते

इ. स. च्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फायलो याने सहा दिवस हे काळाचे मोजमाप नसून व्यवस्थेचे चिन्ह आहे, असे प्रतिपादन केले. तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती पंडित ओरिजेन याने सूर्याविना झालेल्या दिवसांचा प्रश्न स्पष्ट शब्दांत उपस्थित केला. देवाने शेतकऱ्याप्रमाणे बाग लावली, हे शब्दशः खरे मानणारा शहाणा माणूस कोण असेल, असेही त्याने विचारले. या वर्णनात गूढ अर्थ दडला आहे, ही त्याची भूमिका होती.

सर्वच आचार्य त्याच्याशी सहमत नव्हते. चौथ्या शतकातील सीझरियाचा बिशप बेसिल याने सहा दिवसांवर नऊ प्रवचने दिली आणि गवत म्हणजे गवतच, असा आग्रह धरला. वाच्यार्थाची परंपराही अशी जुनीच आहे, हे प्रामाणिकपणे नमूद करावयास हवे.

या सर्वांत संत ऑगस्टिन (३५४-४३०) यांचे स्थान विशेष आहे. त्यांनी ‘उत्पत्ती’च्या वाच्यार्थावर बारा भागांचा ग्रंथ लिहिला. वाच्यार्थ असे शीर्षकात असूनही त्यांचा निष्कर्ष असा, की सर्व सृष्टी एकाच क्षणी निर्माण झाली असावी आणि सहा दिवस हा ती समजून घेण्याचा क्रम असावा. त्याच ग्रंथात त्यांनी स्वधर्मीयांना एक इशारा दिला आहे. आकाश, ग्रह, प्राणी यांविषयी अनुभवाने व तर्काने सिद्ध झालेले ज्ञान धर्माबाहेरच्या लोकांनाही असते. अशा विषयांत धर्मग्रंथाच्या आधारे कोणी निरर्थक बोलू लागला, तर हसे केवळ त्याचे होत नाही, ग्रंथाचेही होते. आणि मग त्या ग्रंथातील मोक्षाच्या गोष्टींवर तरी कोण विश्वास ठेवील? हा इशारा डार्विनच्या सुमारे साडेचौदाशे वर्षे आधीचा आहे.

ज्यू परंपरेतही हेच दिसते. अकराव्या शतकातील प्रसिद्ध भाष्यकार राशी याने पहिल्याच वचनावर लिहिताना, निर्मितीचा कालक्रम सांगणे हा या वचनाचा हेतू नाही, असे व्याकरणाच्या आधारे दाखविले. बाराव्या शतकातील मायमोनिडीझ यानेही सृष्टिकथेतील सर्व काही वाच्यार्थाने घ्यावयाचे नाही, असे म्हटले आहे.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांनी ग्रंथाच्या सरळ अर्थावर भर दिला. ल्यूथर याने सहा दिवस हे खरेखुरे दिवसच मानले. कॅल्व्हिननेही सहा दिवस मानले; पण मोशेने सामान्य माणसाच्या डोळ्यांना जसे दिसते तसे लिहिले, हेही त्याने सांगितले. शनी चंद्राहून मोठा आहे, हे खगोलज्ञ सिद्ध करतात. तरीही मोशे चंद्राला मोठी ज्योत म्हणतो, यात कॅल्व्हिनला विसंगती वाटली नाही. खगोलशास्त्र शिकावयाचे असेल त्याने अन्यत्र जावे, असा त्याचा सल्ला होता.

इ. स. पूर्व ४००४

सृष्टीच्या वयाचा हिशेब मांडण्याचे प्रयत्न पूर्वीही झाले होते. ज्यू कालगणनेचा आरंभ इ. स. पूर्व ३७६१ पासून धरला जातो. पण सर्वांत गाजला तो आयर्लंडमधील आर्मा येथील आर्चबिशप जेम्स अशर याचा हिशेब. आदाम ९३० वर्षे जगला, मथुशलह ९६९ वर्षे जगला, अशा बायबलमधील वंशावळींची बेरीज करून आणि तिला इतर प्राचीन राज्यांच्या इतिहासाची जोड देऊन त्याने १६५० साली सृष्टीचा आरंभ इ. स. पूर्व ४००४ मधील २३ ऑक्टोबरच्या आदल्या संध्याकाळी निश्चित केला. हा हिशेब त्या काळाच्या मानाने विद्वत्तेचा होता. १७०१ पासून ही तारीख इंग्रजी बायबलच्या समासात छापली जाऊ लागली आणि पिढ्यान्‌पिढ्या वाचकांना ती संहितेचाच भाग वाटू लागली.

याच शतकात ही कथा मराठीतही अवतरली होती. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने रचलेले सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या पहिल्या भागात सृष्टीच्या निर्मितीपासून जुन्या करारातील कथा येतात. स्टीफन्स यांना त्या कथा खऱ्याच वाटत होत्या, यात शंका नाही. पण त्या सांगण्यासाठी त्यांनी इतिहासाचे वा शास्त्राचे नव्हे, तर पुराणाचे रूप निवडले. कथा कोणत्या वाङ्मयप्रकारात सांगितली आहे, त्यावर श्रोता ती कशी ऐकतो हे ठरते, हे त्या श्रोत्यांना ओळखणाऱ्या धर्मगुरूला ठाऊक होते.

खडकांची साक्ष आणि डार्विन

अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील जेम्स हटन आणि १८३० नंतर चार्ल्स लायेल यांनी खडकांच्या थरांवरून पृथ्वी अतिप्राचीन असल्याचे दाखविले. १८५९ मध्ये डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध होण्यापूर्वीच अनेक ख्रिस्ती विचारवंतांनी हे मान्य केले होते. त्यासाठी दोन मार्ग पुढे आले. पहिल्या दोन वचनांमध्ये अगणित काळ लोटला असावा, हा एक. आणि ‘दिवस’ म्हणजे प्रदीर्घ युग, हा दुसरा. ‘योम’ या हिब्रू शब्दाचा अर्थ दिवस असाच आहे. परंतु दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनात तोच शब्द निर्मितीच्या संपूर्ण काळासाठी आला आहे, याकडे हे अभ्यासक बोट दाखवीत. १९५६ साली अमेरिकन शास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन याने उल्कांमधील शिशाच्या अभ्यासावरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरविले. तो आकडा आजही जवळपास कायम आहे.

डार्विननंतर खळबळ माजली हे खरे. तरीही अमेरिकेत डार्विनचा प्रमुख पाठीराखा असलेला वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हा श्रद्धावान ख्रिस्ती होता. १९१० ते १९१५ या काळात निघालेल्या ज्या पुस्तिकामालेवरून ‘फंडामेंटलिस्ट’ हे नाव रूढ झाले, तिच्या लेखकांपैकी जेम्स ऑर यांच्यासारखे काहीजण पृथ्वीचे प्राचीनत्व निःशंकपणे मानीत होते.

न्यायालयाच्या दारी

१९२५ साली टेनेसी राज्यातील डेटन येथे जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकविल्याबद्दल खटला भरण्यात आला. त्याला १०० डॉलर दंड झाला आणि १९२७ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तांत्रिक कारणावरून तो निकाल फिरविला. या खटल्यात बायबलच्या बाजूने उभे होते अध्यक्षपदाची निवडणूक तीनदा लढविलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन. प्रतिपक्षाचे वकील क्लॅरेन्स डॅरो यांनी त्यांची उलटतपासणी घेतली, तेव्हा निर्मितीचे दिवस चोवीस तासांचेच असले पाहिजेत असे नाही, अशी कबुली ब्रायन यांनी दिली. उत्क्रांतीचा सर्वांत प्रसिद्ध विरोधकही अशा रीतीने पूर्ण वाच्यार्थवादी नव्हता.

अवघी सृष्टी सहा ते दहा हजार वर्षांची आहे आणि खडकांचे थर नोहाच्या जलप्रलयात बनले, या मताचा आजचा प्रसार मुख्यतः १९६१ नंतरचा आहे. त्या वर्षी धर्मशास्त्राचे अध्यापक जॉन व्हिटकोम आणि जलअभियंता हेन्री मॉरिस यांचे ‘द जेनेसिस फ्लड’ हे पुस्तक निघाले. या मताला ‘सृष्टिविज्ञान’ असे नाव देऊन ते शाळांत आणण्याची चळवळ पुढे उभी राहिली. आर्कान्सास राज्याने १९८१ मध्ये तसा कायदा केला. त्याला आव्हान देणाऱ्यांमध्ये मेथडिस्ट, एपिस्कोपल, कॅथलिक अशा विविध पंथांचे धर्माधिकारी होते आणि खटल्याला ज्यांचे नाव मिळाले ते मॅक्लीन स्वतः मेथडिस्ट पाद्री होते. जानेवारी १९८२ मध्ये तो कायदा रद्द ठरला. १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लुइझियानाचा तत्सम कायदा रद्द केला आणि २००५ मध्ये पेनसिल्व्हानियातील डोव्हर येथील खटल्यात ‘बुद्धिमान रचना’ हा सिद्धान्तही विज्ञान नव्हे, असा निर्णय झाला.

निकालांनी मते मात्र बदलली नाहीत. देवाने मानवाला गेल्या दहा हजार वर्षांत आजच्याच रूपात निर्माण केले, असे मानणाऱ्या अमेरिकनांचे प्रमाण गॅलप संस्थेच्या पाहणीत १९८२ साली ४४ टक्के होते. २०२४ साली ते ३७ टक्के होते.

रोमची भूमिका आणि एका धर्मगुरूचा संकोच

कॅथलिक चर्चने सावधपणे पावले टाकली. ‘योम’ हा शब्द नैसर्गिक दिवस या अर्थी घ्यावा की काही कालखंड या अर्थी, यावर विद्वानांनी मोकळेपणाने चर्चा करावी, अशी मुभा १९०९ मध्येच देण्यात आली. १९४३ साली पोप पायस बारावे यांनी प्राचीन लेखकांचे वाङ्मयप्रकार अभ्यासण्यास उत्तेजन दिले. १९५० मध्ये त्यांनी मानवी देहाच्या उत्क्रांतीवर संशोधन करण्यास आडकाठी नसल्याचे सांगितले. मात्र आत्मा थेट देवाने निर्माण केलेला असतो, हे त्यांनी बजावले आणि मानवजातीचे आद्य पूर्वज अनेक होते हे मत मूळ पापाच्या शिकवणीशी कसे जुळेल, ते दिसत नाही, असेही म्हटले. उत्क्रांती ही आता निव्वळ तर्काहून अधिक आहे, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये मान्य केले.

याउलट टोकाची चूकही घडते. विश्वाचा आरंभ एका ‘आदिअणू’पासून झाला असावा, ही कल्पना १९३१ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरूच होते. १९५१ मध्ये पायस बारावे यांनी एका भाषणात या नव्या विश्वशास्त्राचा संबंध सृष्टिनिर्मितीशी जोडला. लमेत्र यांना ते रुचले नाही. भौतिकीचा सिद्धान्त त्याच्याच पुराव्यावर उभा राहावा किंवा पडावा, धर्मग्रंथाने त्याचा टेकू घेऊ नये, ही त्यांची धारणा होती. पहिल्या अध्यायातील प्रकाशात महास्फोट शोधणे हाही वाच्यार्थवादच होय, फक्त त्याचे वस्त्र आधुनिक आहे.

वाच्यार्थवाद्यांचे म्हणणे

वाच्यार्थवाद्यांना अडाणी ठरवून प्रश्न सुटत नाही. प्रत्येक दिवसाला क्रमांक आहे, संध्याकाळ आणि सकाळ आहे, हे ते दाखवून देतात. दहा आज्ञांमधील शब्बाथाचा नियम देवाच्या सहा दिवसांच्या कामावरच आधारलेला आहे. त्यांचा सर्वांत गंभीर मुद्दा आदामाविषयी आहे. संत पौलाने आपल्या पत्रांत आदाम आणि ख्रिस्त यांची जोडी मांडली : एकामुळे पाप व मृत्यू आला, दुसऱ्यामुळे मुक्ती. पहिला माणूस प्रतीक असेल तर दुसऱ्याचे काय? एक वीट काढली की भिंत कोसळेल, ही ती भीती आहे.

या भीतीचे समाधान सोपे नाही. मानवी जनुकांच्या अभ्यासावरून गेल्या काही लाख वर्षांत मानवसंख्या काही हजारांच्या खाली गेली नसावी, असे अनुमान निघते. यावर काही धर्मपंडित आदामाला समूहाचा प्रतिनिधी मानतात, काही त्याला प्रत्येक माणसाचे चित्र समजतात. आज्ञा मोडणे, मग लपणे, मग दोष दुसऱ्यावर ढकलणे हा तिसऱ्या अध्यायातील क्रम कोणत्या माणसाच्या आयुष्यात घडलेला नाही, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रतीक म्हणजे खोटे, हे समीकरण त्यांना मान्य नाही.

तात्पर्य

एकंदर इतिहास पाहता, वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ ही श्रद्धा आणि अश्रद्धा यांची नावे नाहीत. दोन्हीकडे श्रद्धावंत आहेत आणि प्राचीन काळापासून आहेत. खरा प्रश्न असा, की हे लेखन कोणत्या प्रकारचे आहे. कथेचा परस्परविरोधी क्रम, तिची सूत्रबद्ध रचना, तिच्यातील नावांचे अर्थ आणि बाबिलोनी कथांना तिने दिलेले उत्तर, या चारही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवितात : जग कोणाचे आहे व माणसाची किंमत काय, हे सांगण्यासाठी ती रचलेली आहे. पृथ्वीचे वय सांगण्याचा भार तिच्यावर टाकला, तर ती विज्ञानाच्या परीक्षेत अनुत्तीर्ण होते आणि तिचे मूळ म्हणणेही ऐकू येईनासे होते.

लक्ष्यार्थ स्वीकारल्याने वाचकाची जबाबदारी संपत नाही. मानवाला पृथ्वीवर सत्ता दिली, या वचनाचा अर्थ निसर्गाच्या लुटीला परवाना असा घेतला गेला, अशी टीका इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ मध्ये केली होती. दुसऱ्या अध्यायात मात्र माणसाला बागेत ठेवले आहे ते मशागत आणि राखण करण्यासाठी. या दोन वचनांपैकी कोणते प्रमाण मानावयाचे, यावर आजच्या काळात सृष्टीचे वय किती या प्रश्नापेक्षा अधिक काही अवलंबून आहे.